परदेश अभ्यासाचे सर

खुर्ची दिली तरी सर तिच्या कडेवरच टेकायचे, पिशवी मांडीवर घेऊन. "नीट बसा की सर," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "नको. मी काय, तासापुरता."

हा विनय नव्हता, कागदोपत्री खरं होतं. 'तासिका तत्त्वावर, तात्पुरती नेमणूक' हे शब्द दरवर्षी मीच टाइप करायचे. रोह्याच्या आमच्या कॉलेजात मी लिपिक. सर मानवशास्त्राचे, शिकवायचे प्रदेश अभ्यास, सकाळी पेणच्या कॉलेजात दोन तास, दुपारी आमच्याकडे दोन. उन्हाळ्यात नेमणूक संपायची. पावसाळ्यात त्याच माणसाची, त्याच माणसांसमोर पुन्हा मुलाखत. "आपला परिचय द्या," असं म्हणणाऱ्यांना सर बारा वर्षं परिचय देत होते. तुम्हीही पाहिले असतील असे लोक. पन्नाशीला आलेले, डॉक्टरेट मिळवलेले, आणि शिपायालाही "आत येऊ का?" विचारणारे.

आम्ही दोघेही पेणचे. मी रामवाडीची. संध्याकाळच्या गाडीत समोरासमोर बसायचो. आजूबाजूला शिफ्ट सुटलेली कंपनीवाली मंडळी पत्ते कुटत, भांडत, एकमेकांच्या सासरची उणीदुणी काढत. आणि माणसांचा अभ्यास करणारा हा माणूस गाडी सुटताच झोपलेला. मध्येच डोळे उघडून विचारायचे, "पेण आलं?"

"सर, आत्ताशी निडी."

"बरं." की पुन्हा झोप.

मी घरी जाऊन हे सगळं रंगवून सांगायचे. आमचे हे एकदा म्हणाले, "तो झोपतो आणि तू त्याला बघत बसतेस. मग शास्त्रज्ञ कोण म्हणायचं?"

त्या वर्षी प्राचार्यांनी सांगून टाकलं, वीस मुलं झाली तरच विषय राहील. आदल्या वर्षी तेरा होती. विषय गेला की सरांचं रोहा गेलं. सर त्यांना काही बोलले नाहीत. मला मात्र म्हणाले, "बाई, नोटीस जरा ठळक लावाल?"

लावली. इतकी ठळक, की गेटवरून वाचता येईल. फक्त एक राहिलं. 'प'चा पाय मोडायला मी विसरले. 'प्रदेश अभ्यास' असायचा, तिथे झळकला 'परदेश अभ्यास'.

आमच्या भागात कुणाचा बाप कुवेतला, कुणाचा मामा दुबईला. चार दिवसांत सव्वीस नावं! मी माझ्या ठळक अक्षरांवर खूश. खिडकीशी एक बाई मुलाला घेऊन आल्या. "यात कुवेतचं हाय का? याचे अब्बा तिथंच हायत."

"सगळं आहे," मी ठोकून दिलं. अभ्यासक्रम मी कधी वाचला होता!

पहिल्या तासाआधी सर ऑफिसात आले. हातात नोटीस. मी वाचली आणि माझे कान तापले. तरी म्हटलं, "राहू दे हो सर. एकदा यादी वर गेली की विषय पक्का. मग सांगा सावकाश."

"तुम्ही पाय मोडायला विसरलात, म्हणून मी तोंड उघडायला विसरू?" सर हसले, पण थकल्यासारखे. "पोरांचं वर्ष जाईल हो."

हजेरीचं निमित्त काढून मी वर्गाच्या दाराशी उभी राहिले. सर म्हणाले, "नोटिशीत चूक झाली. परदेश नाही, प्रदेश. म्हणजे आपलाच." कोणाची चूक ते बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.

"आपलाच म्हंजे रोहा?" मागून कोणीतरी ओरडलं. हशा.

"रोहा, पेण, खाडी, मिठागरं."

खाडीकाठची एक मुलगी उठली. "सर, आमचं मिठागरच हाय. त्यात शिकायचं काय? त्ये तर आमाला येतंय."

"पहिलं मीठ उचलायच्या दिवशी तुझी आजी आधी काय करते?"

"नारळ फोडते. आन पयली मूठ घरात नाय आणत, पाण्यात परत टाकते."

"का?"

"का म्हंजे... करते म्हनून करते. तिला इचारायला लागंल."

"बघ. एवढाच माझा विषय."

त्या आठवड्यात नऊ नावं निघाली. कुवेतवाल्या बाई नाव काढताना अवघडून म्हणाल्या, "सर लय चांगले हायत ओ. पण पोराला भायेर जायचाय." उरले सतरा. तीन नावांसाठी मी लायब्ररीत, कँटीनमध्ये पोरांच्या मागे हिंडले. परदेशाला चार दिवसांत सव्वीस आले होते, प्रदेशाला एकही मिळेना.

शनिवारी विषय बंद झाल्याचं पत्र निघालं. सरांच्या तासाला पाच मिनिटं होती. मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि खडू उचलला.

"सर, आता हा तास बिलात धरणार नाहीत."

"नको धरू देत," म्हणाले आणि जिना चढले.

सोमवारपासून ते आले नाहीत. पुढे पेणचंही सोडलं म्हणे. कुठे गेले, कुणाला ठाऊक नाही. विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. माझ्याजवळ उरलाय तो शनिवारचा तास.

अर्ध्या तासाने न राहवून मी वर गेले होते. त्या मुलीने अख्ख्या फळ्यावर मिठागर काढलं होतं. खाडीचं पाणी कुठून आत घेतात, कुठे अडवतात, बाण काढून ती दाखवत होती. बाकीचे सोळा जण मध्ये मध्ये तिच्या चुका काढत होते. आणि सर मधल्या बाकावर, दोन पोरांच्या मधोमध, वहीत मान घालून भराभर उतरवून घेत होते.

"लिवलं का सर? फुडं जाऊ?"

"थांब गो, थांब," सर मान वर न करता म्हणाले, "माझं अजून पाणीच आत आलं नाही."