पेजेचा चमचा

बाबांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा मुलुंडच्या आमच्या घरी भेटायला येणारा प्रत्येकजण एकच विचारायचा, बोलतात का? गिळतात का, असं कोणी विचारलं नाही. आम्हालाही ते सुचलं नव्हतं. नाकातली जेवणाची नळी काढून त्यांना घरी सोडलं आणि आईने लगेच पेजेचं आधण ठेवलं.

पेज हा आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवरचा इलाज. उकड्या तांदळाचे मऊ दाणे, वर भरपूर पाणी, आणि बाबांसाठी सोबत भाजलेला सुका बांगडा. ताप असो की परीक्षेच्या धास्तीने बिघडलेलं माझं पोट, आईचं औषध ठरलेलं. या वेळी बांगडा नव्हता, एवढंच. तिने बाबांना उशीला टेकवून पेज भरवली. थोड्याच वेळात त्यांना असा ठसका लागला की चेहरा काळानिळा पडला. छातीत कफ भरला आणि आम्ही परत हॉस्पिटलात. पुन्हा असं झालं तर नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सोडताना बजावलं. नळी असताना बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. ते दिवस मला परत नको होते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून घाटकोपरची एक स्पीच थेरपिस्ट घरी यायला लागली. बोलायला शिकवायचं सोडून ही जेवायला काय शिकवणार, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. मीही मनातून तेच म्हणत होते. ती बाबांच्या गळ्यावर हलकेच बोटं ठेवायची आणि प्रत्येक घोटानंतर त्यांना 'आ' म्हणायला लावायची. आवाज पाण्यातून आल्यासारखा घरघरला, तर घास नीट गेला नाही असं समजायचं. बोलणं आणि गिळणं एकाच गळ्याचं काम आहे, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

ठसका लागला तेव्हा काय भरवत होता, असं तिने विचारलं. आईने सांगितलं. ती म्हणाली, पेज तर सगळ्यात अवघड. पाणी पुढे पळतं, दाणे मागे राहतात, अशक्त गळ्याला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत आणि पाणी श्वासनलिकेत उतरतं.

"माझ्या पेजेन तेंका ठसको लागलो?" आईने विचारलं.

पुष्कळ घरांत असं होतं, अशी तिने समजूत घातली. आईच्या कानात काही शिरलं नाही. त्या दिवसापासून तिने बाबांना भरवणं सोडलं. चमचा माझ्या हातात द्यायची आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. मला तिची दयाही यायची आणि ऑफिसच्या घाईत चीडही. बाबा माझ्या हातून दोन-चार घास घेत आणि तोंड मिटून टाकत. वजन उतरत चाललं. पोटात पुरेसं गेलं नाही तरी नळी लागेल, हे थेरपिस्टने मला जिन्यात गाठून सांगितलं.

पुढच्या खेपेला तिने आईलाच पेज करायला सांगितलं. आई नाहीच म्हणत होती. शेवटी तिने केली. मग थेरपिस्टने ती मिक्सरमधून काढली, गाळली, पुन्हा आटवली. चमचा कलता केला की ती ओघळायला नको, गोळा होऊन पडायला हवी, म्हणून दोनदा परत गॅसवर चढवली. बाबांना खुर्चीत ताठ बसवून त्यांची हनुवटी छातीकडे झुकवली. थेरपिस्टने चमचा आईपुढे धरला.

"तुम्हीच भरवा. ते तुमच्याकडेच बघतायत."

बघत होते खरंच. आईने अर्धा चमचा त्यांच्या तोंडात घातला. बाबांनी गिळलं आणि शिकवल्याप्रमाणे पुन्हा एकदा नुसतंच गिळलं. ठसका आला नाही. मी त्यांच्या 'आ'ची वाट बघत होते.

"बांगडो खंय?" बाबा म्हणाले. शब्द जड होते, पण आवाज कोरडा, स्वच्छ होता.

मला रडू आवरेना. आईचेही डोळे वाहत होते, पण तिने पुढचा अर्धा चमचा भरून घेतला होता.

"आदी ह्यां गिळा," ती म्हणाली.