दोन ते चार, बहुधा तीन

जळगावात मे महिन्यात भर दुपारी "काय ऊन आहे हो!" म्हटल्यावर जो माणूस "हो" म्हणत नाही, तो एकतर परगावचा असतो किंवा आमचे पाटील सर. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, मानेवर ओला रुमाल, आणि सर म्हणणार, "एका दुपारवरून निष्कर्ष काढायचा नसतो." भुसावळचा पारा आपल्यापुढे गेला म्हणून सगळी स्टाफरूम हळहळायची, तेव्हाही हे आपले वहीत डोकं घालून.

ते भौतिकशास्त्र शिकवायचे, मी मराठी. त्यांच्या वहीत एकच प्रश्न होता: हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पृथ्वीचं तापमान किती वाढेल? जगभरचे शोधनिबंध वाचून, पानंच्या पानं गणितं मांडून उत्तर दरवर्षी तेच यायचं. "दोन ते चार अंश. बहुधा तीन."

"सर, एवढी शाई खर्चून शेवटी बहुधाच?" मी चिडवायचो.

"जेवढं माहीत आहे तेवढंच बोलावं."

मला राग यायचा. इतकं मोजून-मापून खरं बोलणाऱ्याचं या जगात कोण ऐकतो?

त्यांचे थोरले भाऊ नाना चोपड्याजवळ केळी पिकवायचे. सरांचा सगळा जीव त्या बागेत. उष्ण वारे वाढतील, बागेभोवती शेवरीची झाडं आडोशाला लावा, हे त्यांचं पालुपद. एकदा मीही सोबत होतो.

"तीन अंश?" नाना हसले. "आठे सकायपाईन दुपारलोंग पंधरा वाढस!"

"नाना, ते रातले उतरी जास. हाई आंगवरली गोधडी शे. लोके वरथून टाकी ऱ्हायनात, काढस कोनीच नै."

"मंग नक्की कितला वाढी?"

"दोन ते चार."

"ज्योतिषी बी एक तारीख देस रे भाऊ! तुले मालूम नै शे, सांगी दे ना!"

सर उठलेच. "शेवरी लावशी तव्हयच येसू," म्हणाले, आणि खरंच पुन्हा गेले नाहीत. नाना मात्र दर उन्हाळ्यात एसटीने केळीचा घड पाठवायचे. टवटवीत, कुठे करपल्याचा डाग नाही. मी म्हणायचो, "सर, नानांनी शेवरी लावलेली दिसतेय. जाऊन बघा तरी."

"एका घडावरून निष्कर्ष काढायचा नसतो."

जन्मभर पुरावे तपासणारा हा माणूस दीड-दोन तासांची एसटी पकडून बघायला काही गेला नाही. धन्य!

गेल्या वर्षी सर अचानक गेले. दशक्रियेनंतर नाना मला मुद्दाम बागेत घेऊन गेले. बांधावर शेवरी उभी होती, माझ्या दुप्पट उंच. एक नाही, चांगल्या चार रांगा.

"तो रागे भरीसन गया, त्याच पावसायामा लावी," नाना म्हणाले. "दोन ते चार सांगे ना तो? मी चार धरी चालनू. अंशाले एक रांग."

"अहो, मग सांगितलं का नाही त्यांना?" मी ओरडलोच.

"तो एक दिन बागमा ई, सोता दखी, आसं वाटे."

नाना चौथ्या रांगेपर्यंत चालत गेले.

"आते कोनले इचारू," ते म्हणाले, "चार पुरतीन का?"