पाणी घेणार ना?

किस्से साठवायला पिंप लागत नाही, ते आपोआप भरत राहतात. आमच्या परळच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, गेल्या पावसाळ्यापासून जे साठलेत ते सगळे पाण्याचे. कारण तेव्हापासून माझी झोप एकाच प्रश्नाने उडालीय. ओवीला कावीळ झाली ती कुठल्या पाण्याने? शाळेतल्या कूलरच्या? कुणाच्या तरी वाढदिवसाच्या सरबताच्या? की आमच्याच पिंपातून, मीच हौसेने भरून दिलेल्या ग्लासाच्या?

ओवी माझी मुलगी, सहा वर्षांची आहे. ती बरी झाली. मी अजून व्हायची आहे.

*

कावीळ मला दिसलीच नाही. दिसली शेजारच्या कांबळे आजींना. मी ऑफिसातून येईपर्यंत ओवी त्यांच्याकडे असते. त्या दिवशी मी दारात चप्पल काढतेय तोवर आजी म्हणाल्या, "हिला जरा उजेडात धर बघू. डोळे हळदीसारखे दिसतात."

मी उजेडात धरलं. खरंच.

औषधपाणी सुरू झालं, तसा मजल्याचा सल्लाही सुरू झाला. भायखळ्याला म्हणे एक माणूस कावीळ उतरवतो. चुन्याच्या पाण्याने पोराचे हात धुतो, पाणी पिवळं होतं, रोग गेला. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. तरी मी नवऱ्याला म्हटलं, "जाऊन यायला काय हरकत आहे?"

नितीन म्हणाला, "जा. फक्त त्याला विचार, हात धुवायचं पाणी उकळलेलं असतं का."

गेले नाही. पण टॅक्सीचं बघून ठेवलं होतं, हे त्याला आजही माहीत नाही.

*

मग फिल्टर विकणारा आला. टाय लावलेला मुलगा, हातात बॅग. त्याने गॅलरीतच स्टूल मांडलं आणि आमच्या नळाच्या पाण्यात विजेच्या दोन दांड्या सोडल्या. बघता बघता पाणी चहासारखं, मग गटारासारखं झालं. मजल्यावरच्या बायका मागे सरकल्या. कुणीतरी तोंडाला पदर लावला.

"हे तुम्ही रोज मुलांना पाजता, मॅडम," तो माझ्याकडेच बघून म्हणाला. कसं कळलं असेल?

मग त्याने आपल्या फिल्टरचं पाणी घेतलं, त्यात दांड्या सोडल्या. स्वच्छच राहिलं.

कोपऱ्यातल्या खोलीतले परबकाका इतका वेळ दारातून बघत होते. गिरणी बंद पडल्यापासून त्यांना कशाचं आश्चर्य वाटत नाही. ते उठले, घरातून चिमूटभर मीठ आणलं आणि त्या स्वच्छ पाण्यात टाकलं. "आता सोड रे दांडे. बघया."

मुलगा म्हणाला, "काका, बॅटरी उतरली."

पाण्यातल्या क्षारांतून वीज वाहते आणि दांडीचं लोखंड विरघळून पाणी काळं होतं, घाणीमुळे नाही, हे मला परबकाकांच्या आधी ठाऊक होतं. कॉलेजात मीच तो प्रयोग केलाय. तरी त्या संध्याकाळी मी पिंप उपसून मोरीत ओतलं.

*

नंतर मी टीडीएस मीटर मागवला. पेनासारखा असतो, पाण्यात बुडवला की आकडा येतो. ऑफिसातल्या सगळ्यांनी आरओ घे, आरओ घे म्हणून सांगितलं होतं, म्हणून आधी मोजून बघावं म्हटलं. आमचं मोजलं, मग शेजाऱ्यांचंही मोजून दिलं. लोक रक्ताचा रिपोर्ट आल्यासारखे विचारायचे, "आमचं किती आलं?"

सगळ्यांचं कमीच आलं. तलावाचं पाणी, त्यात क्षार असणार किती! म्हणजे क्षार काढणाऱ्या आरओची गरजच नव्हती. मी फार खूश झाले. दोन दिवस पाणी उकळायलासुद्धा विसरले.

नितीनने मीटर हातात घेऊन उलटसुलट बघितला. "ह्यात जंतू दिसतात?"

"नाही. फक्त क्षार."

"मग आपल्याला काय हवं होतं?"

*

शेवटी यूव्हीवाला घेतला. त्यात निळा दिवा असतो, त्याच्या प्रकाशात जंतू मरतात. नळाला सकाळी थोडाच वेळ पाणी येतं, म्हणून फिल्टरच्या वर छोटी टाकी बसवली, तिचं झाकण घट्ट बांधलं. ओवीला मी समोर बसवून सांगितलं, आता पाणी प्यायचं ते ह्याचंच. शाळेतलं नाही, बागेतलं नाही, परबकाकांकडचं नाही, कांबळे आजींकडचंसुद्धा नाही. त्यांच्याकडे नळाला नुसतं फडकं बांधलेलं असतं. हे त्यांना तोंडावर कसं सांगणार? म्हणून ओवीच्या गळ्यात बाटली अडकवली.

ओवी निळ्या दिव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "किडे मरतात?"

"हो. सगळे."

"मेलेले किडे कुठे जातात?"

मला वाटलं, मुलांशी खरं बोलावं. म्हटलं, "पाण्यातच असतात. पण मेलेले ना, मग काही करत नाहीत."

त्या दिवसापासून ती ग्लास आधी खिडकीशी धरते.

*

ह्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या सुजाताला कावीळ झाली. सातवा महिना चालू होता. गरोदरपणात कावीळ वेगळी असते, हे मला त्याच आठवड्यात कळलं. ती हॉस्पिटलात गेली आणि परत आली नाही. बाळही नाही.

आम्ही मजल्यावरच्या बायका भेटायला गेलो. तिचा नवरा भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या बहिणीने ट्रेमधून पाण्याचे ग्लास आणले. ट्रे आमच्यासमोरून फिरला. एकेक जण "नको, आत्ताच घेतलं" म्हणत राहिली. मीही म्हटलं. ग्लास तसेच भरलेले परत चालले. नवरा ते बघत होता.

कांबळे आजींनी हात पुढे केला, ग्लास घेतला आणि सावकाश, शेवटपर्यंत प्यायल्या.

जिन्यात मी म्हटलं, "आजी, निदान उकळलेलं आहे का विचारायचं तरी."

"पाण्याला नाही म्हटलं की माणसाला नाही म्हटल्यासारखं होतं," त्या म्हणाल्या. "गावाला आम्ही विहिरीपाशी उन्हात बसून राहायचो. कुणी आलं तर वरून ओंजळीत ओतायचं. भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. आणि आमच्या घरी कुणी आलंच, तर बाहेरच्या बाहेर. पाणी घेणार का म्हणून विचारायचीसुद्धा सोय नव्हती." मग कठडा धरून पुढची पायरी उतरल्या. "मेलं माणूस मरायचं तेव्हा मरतं."

*

सुजातानंतर चाळीची गच्चीवरची टाकी उघडली. एरवी कुणी उघडली असती का, माहीत नाही. वास सगळ्यांनाच येत होता, पण प्रत्येकाला तो शेजाऱ्याच्या मोरीचा वाटायचा. आत कबूतर होतं. बरंच जुनं.

खाली सगळे जमले. सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. कबूतर शाकाहारी असतं."

कुणी हसलं नाही. सुजाताचा नवरा गर्दीत उभा होता. त्याने विचारलं, "किती दिवस होतं ते आत?"

सेक्रेटरींनी टाकीचं कुलूप खिशात टाकलं आणि म्हणाले, "उद्या क्लोरीन टाकून घेतो."

*

ओवीचं पोट दुखायला लागलं. मग लघवीला जळजळ. पुन्हा तेच वाटून मी तिला तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "ही पाणीच पीत नाही."

"असं कसं होईल? बाटली रोज रिकामी येते."

"मग बाटली पीत असेल. पोटात काही जात नाहीये. आत्ताच लक्ष द्या, किडनीवर येईल. दर थोड्या वेळाने पाजा, कुठलंही चांगलं पाणी चालेल."

कुठलंही चांगलं! मी वर्षभर काय शोधत होते?

दवाखान्यातून थेट कांबळे आजींकडे गेलो, ओवीचं दप्तर तिथेच होतं. आजी गॅलरीत कुंडीपाशी वाकल्या होत्या. "ही कोरफड कुजली बघ. हिला पाणी लागत नाही, मी घालतही नाही. बुडाशी नुसता चिखल."

मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. आजी उठल्या. बुद्धाच्या फोटोखालच्या फळीवरून ओवीचा ठरलेला छोटा स्टीलचा ग्लास काढला, माठातलं पाणी भरलं आणि तिच्यापुढे धरला. ओवीचे ओठ सुकलेले होते. एरवी ती "माझी बाटली आहे" म्हणते, पण बाटली घरी राहिली होती.

ओवीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आई म्हणते, तुमच्याकडचं पाणी प्यायचं नाही."

आजींचा हात तसाच राहिला.

"आजी, तसं नाही हो," मी म्हटलं. "म्हणजे फिल्टरचं... तुमच्याकडचं म्हणजे तुमचं असं नाही, सगळ्यांकडचंच..." जितकं बोलत होते तितकं ते वाईट होत होतं. आजी माझ्याकडे बघतच नव्हत्या.

त्या गुडघ्यावर हात टेकून ओवीसमोर खाली बसल्या. ग्लास जमिनीवर ठेवला.

"बरं. मग कुणाकडचं पितेस, बाय?"

"कुणाकडचंच नाही."

"आणि बाटलीतलं?"

"ते कोरफडीला पाजते. त्यात मेलेले असतात."

"मग तहान लागली की काय करतेस?"

ओवीने एकदा माझ्याकडे बघितलं, मग आजींच्या कानाशी गेली. पण ती हळू बोलायला अजून शिकलेली नाही.

"मी लागूच देत नाही."