खरखरीत आवाजाची ओळ

तिसऱ्या मजल्यावरच्या नकारघंटेला खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि त्याचं तिला सोयरसुतकही नाही. जिन्याला कोणता रंग द्यायचा यावर सगळ्यांचं एकमत झालं, असं कुणी म्हणालं रे म्हणालं की मागच्या खुर्चीवरून "माझं नाही झालं" असं आलंच म्हणून समजा. नवरा बिचारा सांगतो, "लग्नालासुद्धा हिनं होकार दिला नव्हता. हरकत नाही, एवढंच म्हणाली होती."

पोटापाण्यासाठी ती टायरच्या दुकानावरच्या एका लहानशा ऑफिसात जाते. तिथं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बनतं. ज्याला दिसत नाही त्यानं औषधाची पट्टी नाहीतर आलेलं पत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं, कॉम्प्युटर ते बोलून दाखवतो. असलं सॉफ्टवेअर कुणी एकटा रांधत बसत नाही. अक्षरं ओळखणारा भाग एकाचा, बोलणारा दुसऱ्याचा. अशी तयार पॅकेजेस आणून बसवायची. आणि पॅकेज म्हणजे घरजावई! एकट्याला बोलवावं तर बिऱ्हाड घेऊन येतो आणि आपल्याच सवयीनं हातपाय पसरतो. येण्याआधीच बजावून ठेवावं लागतं, हे आण, ते आणू नकोस, तिथं झोपू नकोस. हे बजावणं, म्हणजे पॅकेजांचे इन्स्टॉल ऑप्शन सांभाळणं, हे नकारघंटेचं काम. देवानं माणूस बघूनच काम दिलं होतं.

त्यातलं आवाजाचं पॅकेज भलतंच लाडावलेलं. मोकळं सोडलं तर ते दरवेळी इंटरनेटवरून गोड आवाज मागवतं. नकारघंटेनं एका ओळीत त्याला दम भरून ठेवला होता: आवाज बसवतानाच घरात घे, खरखरीत असला तरी चालेल. कारण टेकडीपलीकडच्या अंधांच्या वसतिगृहात नेट पाहुण्यासारखं यायचं, चहापुरतं.

मग ती तापानं पडली. तिच्या जागी दुसऱ्यानं नवी आवृत्ती तयार केली, मंजूरही केली आणि ती वसतिगृहात जाऊन ठार मुकी बसली. झालं होतं असं, की बाईंच्या सगळ्या ओळी बाईंच्याच कॉम्प्युटरात. प्रोजेक्टला त्यांचा पत्ताच नाही. नव्या साहेबांनी फर्मान काढलं: लाड बंद. प्रत्येक पॅकेज जसं येतं तसंच बसवायचं. वसतिगृहाला म्हणावं, नेट घ्या.

आता त्या ऑफिसात आवृत्ती बाहेर पाठवायला दोघांची मंजुरी लागते. एक साहेबांची, ती झाली. दुसरी, तापातून उठलेल्या नकारघंटेची. ती होईना. शेवटी रविवारी साहेब स्वतः तिच्या घरचा जिना चढून आले, आणि खालच्या दोन्ही मजल्यांची दारं हवेसाठी म्हणून उघडी राहिली.

"मॅडम, तुमच्यापायी अख्खं ऑफिस खोळंबलंय."

"मी कुठं नाही म्हणते? ती ओळ घालू द्या, आत्ता मंजुरी देते."

"ती ओळ तुमच्याखेरीज कुणाला ठाऊक तरी होती का? उद्या तुम्ही पुन्हा आजारी पडलात तर?"

नकारघंटा गप्प झाली. नवऱ्यानं चमकून पाहिलं. असं दृश्य त्यानं संसारात पाहिलं नव्हतं.

"ती चूक माझीच," ती म्हणाली. "म्हणून काल बसून सगळे ऑप्शन कारणांसकट प्रोजेक्टमध्ये टाकायला काढले. आता कुणीही बसवलं तरी सारखंच बसेल. मोडीत निघालेले चार मीच काढून टाकलेत."

"मग पाचवाही काढा."

"नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीत सासूबाई होत्या. त्यांना गेली काही वर्षं दिसत नाही, पण ऐकू येतं ते भिंतीपलीकडचंही. "साहेब, हिच्या कॉम्प्युटरवर तुमचा नवा आवाज ऐकला हो मी. काय गोड! हिचा तो मेला पडसं झालेल्या हवालदारासारखा बोलतो."

साहेबांचा चेहरा खुलला. "ऐकलंत मॅडम? घरचं मतही माझ्याच बाजूला."

"पण परवा नेट गेलं," सासूबाई पुढं म्हणाल्या, "तर तुमची गोड बाई चकार शब्द काढेना. हवालदार निदान हाकेला ओ तरी देतो."

"आई, तुम्ही मध्ये पडू नका."

"का गं? नाही म्हणायचा मक्ता तुझ्या एकटीचाच का?"

साहेबांनी चहाचा कप ठेवला. "हे पाहा, माझ्या हाताखाली काम करायचं तर माझं ऐकावं लागेल."

 नवऱ्यानं खुणा केल्या, खोकून पाहिलं. नकारघंटेनं तिकडं पाठच केली.

"मग मला काढा, साहेब. ओळ काढायची नाही. माझ्या जागेवर चार जण मिळतील. पण तिथं कुणी पट्टी समोर धरली आणि मशीन गप्प बसलं, तर तो माणूस चाचपून, अंदाजानं गोळी गिळणार. त्या अंदाजाला मी मंजुरी देणार नाही. आज नाही, उद्या नाही, तुम्ही रोज जिना चढलात तरी नाही."

साहेबांनी रिकामा कप बाजूला सारला. मग उठले. दारात बूट चढवताना म्हणाले, "ओळ राहील. तुम्ही त्या कामावर राहणार नाही."

"हरकत नाही," नकारघंटा म्हणाली. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. हा शब्द त्याच्या ओळखीचा होता.

सोमवारी ओळीसकट आवृत्ती गेली आणि वसतिगृहात हवालदार पुन्हा बोलू लागला. नकारघंटेची रवानगी झाली गाड्यांच्या पार्किंगच्या सॉफ्टवेअरवर, बाथरूमच्या दाराशेजारच्या टेबलावर. जिन्यात अजून वाद चालतो, बाई जिंकल्या की हरल्या. तिला विचारायची मात्र कुणाची छाती नाही.

त्या टेबलावर बसल्या बसल्या तिनं पार्किंगवाल्यांचे ऑप्शन उघडले. दुपारच्या आत सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल अशी तिची आरोळी आली, "हे कुणी घातलंय? आणि कशासाठी?"

 तिनं खुर्ची पुढं ओढली.