टाकीवाल्याची विश्रांती

लाखनीजवळ हायवेला लागून असलेल्या एका राईस मिलमध्ये मी अकरा वर्षं हजेरीबाबू होतो. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, आठवड्याचे तास किती झाले, हे लिहिणं माझं काम. अठ्ठेचाळीस तासांच्या वर कोणी काम केलं तर त्या वरच्या तासांना दुप्पट मजुरी द्यायची, असा कायदा आहे. तो छापील स्वरूपात माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावलेला होता. त्यावर कॅलेंडर लटकवलेलं होतं.

त्या अकरा वर्षांत ओव्हरटाइमच्या रकान्यात मी बहुतेक आडवी रेघ मारली. माझी रेघ फार सरळ यायची. शेठ तिचं कौतुक करत.

मग मशीन आलं. चेहरा ओळखणारं, भिंतीवर बसवायचं. शेठनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि नारळाचं पाणी उडून मशीन अर्धा तास बंद पडलं. ते सुरू झाल्यावर सगळे मजूर रांगेत उभे राहून चेहरे दाखवू लागले. प्रत्येकाला मशीन बाईच्या आवाजात 'धन्यवाद' म्हणत होतं. त्या मिलमध्ये मजुरांना कोणी धन्यवाद म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी.

पहिल्या शनिवारी मशीनमधून आठवड्याचा कागद निघाला. त्यात एका माणसापुढे लिहिलं होतं: एकूण तास बहात्तर, ओव्हरटाइम चोवीस.

हा माणूस म्हणजे टाकीवाला. आमच्या मिलमध्ये उसना, म्हणजे उकडा, तांदूळ व्हायचा. त्यासाठी धान आधी मोठ्या टाकीत गरम पाण्यात चार तास भिजवतात, मग वाफवतात, सुकवतात. भिजवण्याचं काम त्याच्याकडे होतं. पाणी थंड पडलं तर वाफ सोडायची, जास्त तापलं तर थांबवायची. चुकलं तर दाणा फुटतो, नाही तर धानाला वास सुटतो. तो नऊ वर्षं हे काम करत होता. सकाळी सातला यायचा, संध्याकाळी सातला जायचा, आठवड्याचे सहा दिवस. आणि नऊ वर्षं मी त्याचे रोजचे चार तास 'विश्रांती' म्हणून कापत होतो. शेठचं म्हणणं असं, की धान भिजतं तेव्हा भिजण्याचं काम धान करतं. माणूस तर नुसता बसलेला असतो. बारातून चार गेले, आठ राहिले. आठ सक अठ्ठेचाळीस. हिशेब इतका नेमका जुळायचा की तो आधी ठरवून मग विश्रांती मोजली, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मलाही कळत होतं.

कागद पाहून शेठ म्हणाले, "बाबू, मशीन खराब हाये. कंपनीवाल्याले बोलवा."

कंपनीवाला नागपूरहून आला. त्याने दोन बटणं दाबली. पुढच्या शनिवारपासून मशीनही रोज चार तास आपोआप कापू लागलं. जे काम करायला मला नऊ वर्षं मान खाली घालावी लागली, ते मशीन 'धन्यवाद' म्हणत करत होतं. त्या कागदाखाली एक ओळ छापलेली यायची: 'तपासले, बरोबर आहे'. तिथे सही माझी.

पण पहिला कागद टाकीवाल्याने पाहिला होता. तो माझ्या टेबलाशी आला.

"बाबूजी, मागच्या हप्त्यात चोवीस होते. या हप्त्यात काईच नाई. मी का कमी आलो?"

"विश्रांती वजा झाली," मी म्हटलं.

"कोनाची?"

"तुझी."

तो हसला. "मले त कोनी सांगतलंच नाई बावा, का मी आराम करून राहिलो म्हनून. सांगतलं असतं त पाय लंबे केले असते."

मग त्याने टाकीजवळची वही आणून माझ्यासमोर ठेवली. ही वही शेठनीच सुरू केलेली. भिजवणीच्या चार तासांत दर अर्ध्या तासाला थर्मामीटर पाहायचा, पाण्याचं तापमान लिहायचं आणि सही करायची. दिवसाला आठ नोंदी, आठ सह्या. मोठ्या व्यापाऱ्यांना ही वही दाखवली की ते खूश व्हायचे.

"हे पाहा. आठ सह्या. झोपेत केल्या का मी?"

एकाच मिलमध्ये, एकाच दिवशी, एकाच माणसाच्या त्याच चार तासांच्या दोन नोंदी होत्या. एका कागदावर तो आराम करत होता. दुसऱ्यावर दर अर्ध्या तासाला उठून पाणी तपासत होता. दोन्ही नोंदी शेठना हव्या होत्या.

"जेवनाचा अर्धा घंटा कापा," तो म्हणाला. "डबा मी टाकीपाशीच खातो, तरी कापा. बाकीचे लिवा."

मी आकडा केला. साडेअकरा गुणिले सहा, एकोणसत्तर. त्यातून अठ्ठेचाळीस गेले, एकवीस. दुप्पट म्हणजे बेचाळीस तासांची मजुरी. दर आठवड्याला जवळजवळ दुसऱ्या एका आठवड्याचा पगार या माणसाच्या खिशातून माझ्या सरळ रेघेखाली जात होता.  

आम्ही दोघं शेठकडे गेलो. शेठनी ऐकून घेतलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे. चढवण्याची गरज त्यांना पडत नसे.

"अरे, बसलाच असतोस ना तिथं? बसण्याचे डबल पैसे कोन देते?"

"मंग उद्यापासून ते चार घंटे मी घरी जातो शेठ. आराम घरी करतो."

"जाऊन दाखव. धान खराब झालं त तुझ्या पगारातून कापीन."

टाकीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मीही ऐकलं होतं. जागा सोडली तर पगार कापणार, आणि नाही सोडली तर ती विश्रांती. मी म्हणालो, "शेठ, मग ते काम झालं." माझ्या अकरा वर्षांतलं हे पहिलं वाक्य होतं ज्याच्या शेवटी 'हो' नव्हतं. शेठ म्हणाले, "बाबू, तुमी रेघा मारा." दुसऱ्या दिवशी टाकीजवळची वही त्यांच्या कपाटात कुलुपात गेली. टाकीवाल्याला कोरे सुटे कागद मिळाले. ते संध्याकाळी परत घेतले जायचे.

प्रकरण तिथे संपलं असतं. शेठच्या हौसेमुळे ते वाचलं.

त्याच महिन्यात व्यापाऱ्यांच्या कुठल्याशा संघटनेने आमच्या मिलला 'गुणवत्ता सन्मान' दिला. संघटनेचे खजिनदार शेठचे साडू होते, हा निव्वळ योगायोग. शाल, श्रीफळ, बाहुलीएवढी ट्रॉफी. 'तांदळाच्या प्रत्येक दाण्यामागे आमची जागरूकता आहे' असं भाषण शेठनी केलं. जागरूक माणूस तेव्हा मंडपाच्या मागे खुर्च्या लावत होता. त्याचे ते दोन तास मशीनमध्ये आले नाहीत, कारण मशीनही फुलं घालून मंचावर ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिलच्या गेटवर वीस फुटी फ्लेक्स लागला. डावीकडे शेठ, हात जोडलेले. उजवीकडे 'दर अर्ध्या तासाला गुणवत्ता तपासणी' असा मथळा आणि त्याखाली पुरावा म्हणून टाकीजवळच्या वहीचं एक अख्खं पान मोठं करून छापलेलं. वर तारीख. खाली वेळा, तापमान आणि टाकीवाल्याच्या आठ सह्या, प्रत्येक सही हातभर लांब. वही कुलुपात होती आणि तिचं पान हायवेवरून जाणाऱ्या ट्रकवाल्यांना वाचता येत होतं.

टाकीवाला गेटसमोर उभा राहून बराच वेळ वर पाहत होता. मग त्याने मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

त्या तारखेच्या आठवड्याचा मशीनचा कागद मी त्याला दिला. असं करायला नको होतं, असं मला नंतर चार जणांनी सांगितलं. चौघांच्याही घरी कोणी टाकीजवळ बसणारं नव्हतं. कागद गेल्याचं कळल्यावर शेठनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, तेही आवाज न चढवता.

टाकीवाल्याने तक्रार केली आणि भंडाऱ्याला कामगार कार्यालयात तारखा पडल्या. दर वेळी आम्ही दोघं एकाच एसटीने जायचो. कारधाचा पूल आला की तो खिडकीतून वैनगंगेचं पाणी बघायचा. तिसऱ्या तारखेला तिथल्या अधिकारी साहेबांनी फ्लेक्सचा फोटो आणि मशीनचा कागद शेजारी शेजारी ठेवले. शेठच्या वकिलाने फ्लेक्स म्हणजे केवळ जाहिरात, असं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "म्हणजे तपासणी होत नाही, असं लिहून देता?" वकील शेठकडे बघू लागले. शेठ छताकडे.

मग साहेबांनी मशीनचा कागद माझ्यापुढे सरकवला. "'तपासले, बरोबर आहे.' ही सही कोणाची?"

"माझी."

"बरोबर आहे का हे?"

"नाही."

मशीन आल्यापासूनच्या आठवड्यांचे पैसे द्यायचं शेठनी कबूल केलं. आठवड्याला एकवीस तास, दुप्पट दराने. त्याआधीच्या वर्षांसाठी काही करता आलं नाही. त्या दिवसांचे फ्लेक्स नव्हते. जुन्या तापमानाच्या वह्या शेठनी रद्दीत घातल्या होत्या. माझी हजेरी रजिस्टरं मात्र सगळी शाबूत होती, स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेली. त्यांत रोज चार तास विश्रांती होती, माझ्या अक्षरात.

बाहेर येऊन आम्ही स्टँडवर चहा घेतला. शेठवर मी पुष्कळ बोललो. शाल, साडू, ट्रॉफी, मशीनचा हार, काही सोडलं नाही. मला फार संताप आला होता, आणि तो संताप चांगला वाटत होता. टाकीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. ग्लास ठेवला.

"शेठ त शेठच हाये, बाबूजी. त्याले कोन का म्हनंल. पन नऊ वर्स तुमी खिडकीतून मले पायत होते ना? टाकी त तुमच्या खिडकीच्या समोरच होती."

मी चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला. त्याने आधीच दिले होते.