झारा घेऊन आलेली शेजारीण

लेकीने परगावी नोकरीला जाताना माझ्या दाराला अलार्म बसवून दिला. परवा सकाळी तो बंद न करताच मी दार उघडलं आणि भोंगा असा ठणाणा वाजू लागला, की बंद करायचे आकडेच मला आठवेनात. तेवढ्यात समोरच्या घरातली मीनल हातात झारा घेऊन धावत आली. वर्षभर आमची ओळख जिन्यात हसण्यापुरतीच होती.

"काकू, मागे व्हा! चोर कुठाय?"

"चोर नाही गं, मीच आहे!"

लेकीला फोन करून आकडे विचारले, तेव्हा कुठे भोंगा थांबला. मीनलच्या झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. दोघी दारातच हसत सुटलो.

"आत ये, चहा टाकते," मी म्हटलं.

असे भोंगे रोज कुठे ना कुठे वाजतात, कधी गाडीचे, कधी दुकानाचे. कटकट नको म्हणून मी खिडकी लावून घेते. ही मात्र घरात चोर शिरलाय असं समजूनही आली होती. चहासाठी आलं किसताना हे माझ्या ध्यानात आलं, आणि आलं जरा जास्तच किसलं गेलं.