सुनंदाच्या तोंडची चपाती

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डीमन या आमच्या डच गावातल्या सुपरमार्केटात रांगेत उभी होते. वाखनिंगनच्या विद्यापीठातून तिची सहकारी बोलत होती... रात्री झोपेतच हार्ट थांबलं म्हणे. सांगायला लाज वाटते, पण रडू येण्याआधी मनात आलं ते एवढंच: फ्लोरेन्सला माझ्याआधी कळलं असेल का?

आम्ही दोघी पुण्याच्या, पण भेटलो इथल्या डच भाषेच्या वर्गात. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, ती संशोधक. कंपाला या आफ्रिकी शहरातली माणसं आपापल्या कमाईत कशी राहतात, कशावर रांधतात, कामाला कशी जातात, हा तिचा विषय. तिकडून आली की शनिवारी माझ्याकडे जेवायला यायची आणि जेवताना तोंडात सगळं कंपालाच. टेकडीवरचा जनरेटरवाला बंगला, दोन खोल्यांत राहणारी शाळेतली बाई, आणि उतारावरच्या वस्तीत एका खोलीत मुलांना घेऊन राहणारी, कॅनने पाणी भरणारी, रस्त्यावर तवा मांडणारी फ्लोरेन्स. "बंगलेवाली गाडीत बसून ट्रॅफिकमध्ये अडकते गं, फ्लोरेन्स डोक्यावर पीठ घेऊन चालत तिच्याआधी पोचते," ती सांगायची. "फक्त पोचते तेव्हा तिच्यात काही उरलेलं नसतं." मला त्या बाईची कणव यायला हवी होती. मला तिचा राग यायचा. माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसायला घाबरणारी सुनंदा तिथे मोटरसायकल टॅक्सीवर फ्लोरेन्सला चिकटून, मध्ये पिठाचं पोतं धरून खुशाल हिंडायची.

एका शनिवारी ती सहज म्हणाली, "अजून एक चपाती वाढ."

माझं लाटणं थांबलं. जन्मभर पोळी म्हणणारी बाई! कंपालात रस्तोरस्ती चपाती विकतात आणि तिला चपातीच म्हणतात, हे तिनेच मला सांगितलं होतं.

"पोळी," मी म्हटलं.

"तेच गं. फ्लोरेन्स सारखं म्हणते ना..."

म्हणजे आता तिच्या जिभेवरही फ्लोरेन्स. त्या दिवशी मी धड जेवले नाही.

सुनंदा गेल्यावर काही आठवड्यांनी फ्लोरेन्सचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही इंग्रजीत बोललो. हार्टचं दुखणं जुनं होतं, डॉक्टरांनी प्रवास बंद करायला सांगितला होता... हे तिला माहीत होतं. मला नव्हतं.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"म्हणायची, मीराला कळलं तर ती मला येऊ देणार नाही."

खरंच नसतं दिलं. पासपोर्ट लपवला असता मी.

"आणि तू येऊ दिलंस?" मी ओरडलेच.

फ्लोरेन्स रडायला लागली. "येऊ दिलं म्हणून तर यायची. पण दर वेळी परत तुझ्याकडेच जायची ना! मी काय कमी जळले?"

आता दर शनिवारी आम्ही एकमेकींना फोन लावतो. तिचा तवा तिथे तापलेला, माझा इथे. सुनंदा कुणाची जास्त होती यावरून मनसोक्त भांडतो. अजून कुणीच हार मानलेली नाही.